विमानाची वाट अकरावीतून जाते

विमानक्षेत्रात जायचंय म्हणून कुणी मूल माझ्याकडे आलं, की मी त्याला पहिला प्रश्न विचारतो तो अकरावीच्या विषयांचा. उंची, इंग्रजी, घरची ऐपत हे सगळं नंतर. फिजिक्स आणि गणित घेतलं असेल तर बोलणं पुढं सरकतं. नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते दोन विषय कसे करायचे, हे समजावण्यातच संध्याकाळ जाते. वैमानिक, विमान-देखभालीचा इंजिनिअर, हवाई वाहतूक नियंत्रक या तिन्ही कामांची पात्रता या दोन विषयांवर उभी आहे. आणि हे विषय घ्यायचे की सोडायचे, याचा निर्णय रायपूरच्या, धमतरीच्या, गरियाबंदच्या शाळांत पंधरा-सोळा वर्षांची मुलं प्रवेशाच्या गडबडीत दोन-चार दिवसांत घेऊन टाकतात. बरेचदा तोही त्यांचा नसतो. ज्या शाळेत फिजिक्सला लेक्चरर नाही, तिथं गणिताची तुकडीच भरत नाही. मग मूल बायो घेतं, नाहीतर आर्ट्स. त्याच्या डोक्यावरून विमान गेलं की ते वर बघतं, पण त्या विमानापर्यंत जाणारी वाट आपण मागे सोडून आलो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी देखभालीतला माणूस. नोकरीची वर्षं मुंबईत कालिन्याच्या हँगरमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या वडिलांच्या घरी परत आलो. आमच्यासारखी कित्येक मराठी घरं भोसल्यांच्या अमदानीपासून इथं आहेत. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी, असं आम्ही वाढलो. परत आलो तेव्हा शेजारपाजारच्या मुलांनी विचारायला सुरुवात केली आणि त्यातून रविवारचा वर्ग उभा राहिला. फी नाही, पाटी नाही. पुढच्या खोलीत एक फळा आहे, जुन्या सुट्या भागांची एक पेटी आहे, आणि जमिनीवर बसायला सतरंजी. मुलं तात्यापाऱ्यातली येतात तशी माना कॅम्पातलीही येतात. 1964 साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांसाठी उघडलेली ही छावणी आता विमानतळाच्या शेजारची वस्ती झाली आहे, आणि तिथल्या मुलांना विमानाचा आवाज जन्मापासून ओळखीचा आहे.

रायपूरच्या मुलांनी विमान जवळून ओळखलं ते एका न उडणाऱ्या विमानामुळं. 7 ऑगस्ट 2015 रोजी बांगलादेशच्या एका कंपनीचं एमडी-83 जातीचं विमान ढाक्याहून मस्कतला निघालं होतं. वाटेत एक इंजिन निकामी झालं आणि दीडशेहून जास्त प्रवासी घेऊन ते रायपूरच्या माना विमानतळावर सुखरूप उतरलं. प्रवासी दुसऱ्या विमानानं गेले. हे मात्र इथंच राहिलं. पुढं त्या कंपनीची उड्डाणंच थांबली आणि विमान वर्षानुवर्षं तिथं उभं होतं. रायपूरला उतरणाऱ्या प्रवाशाच्या नजरेत ते भरायचं आणि शहरात त्याच्या गोष्टी चालायच्या. वर्गात एका लहान मुलानं विचारलं, "सर, ये जहाज कब उड़ही?"

त्या प्रश्नावर मी कित्येक रविवार शिकवलं. विमान उडताना झिजतं हे सगळ्यांना पटतं. ते उभं राहूनही खराब होतं, हे मुलांना नवं होतं. एकाच जागी महिनोन्‌महिने भार पडला की टायर त्या बाजूनं चपटतात, म्हणून उभ्या विमानाची चाकं ठराविक काळानं फिरवावी लागतात. हवेचा दाब मोजून वेग सांगणाऱ्या पिटो नळीच्या तोंडावर झाकण घालावं लागतं, नाहीतर आत किडे घर करतात आणि पुढच्या उड्डाणात वेगाचा आकडा खोटा येतो. इंजिनाची तोंडं बंद करावी लागतात, पक्षी घरटी बांधतात. इंधनाच्या टाकीत पाणी साचलं तर त्यात बुरशी धरते. छत्तीसगडच्या पावसाळ्यात ॲल्युमिनियमच्या सांध्यांमध्ये गंज शिरतो. हे सगळं कोण बघतं? विमान उडवणारा बघत नाही. त्याच्याआधी हातात टास्क कार्ड घेऊन, एकेक काम तपासून, खाली सही करणारी माणसं बघतात. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही. आपल्याकडं पायलटचं नाव घरोघरी माहीत असतं, ही माणसं कुणाला माहीत नसतात. या मुलांपैकी बहुतेकांची खरी जागा तिथं आहे, असं मला वाटतं, आणि ती जागा पायलटच्या जागेहून कमी आहे असं मी आयुष्यात एकदाही मानलं नाही.

पण येतो तो प्रत्येक जण पायलट व्हायलाच येतो. त्याला मी नाउमेद करत नाही; हिशेब फळ्यावर लिहितो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान 200 तास उड्डाण लागतं, त्यात निदान 100 तास स्वतः कप्तान म्हणून. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, टेक्निकल असे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर असतात आणि प्रत्येकात 70 टक्के मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडून मिळायचा, 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमानं तेही काम डीजीसीएकडं आलं. खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून जास्त. आणि परवाना हातात आल्यावरही एखाद्या विशिष्ट जातीचं विमान चालवण्याचं प्रशिक्षण, त्याचा खर्च, आणि नोकरीची वाट पाहण्याचा काळ उरतोच.

इथल्या आईबापांना मी एक गोष्ट बजावून सांगतो. पैसे भरण्याआधी मेडिकल. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडं आधी क्लास टू आणि मग क्लास वन तपासणी होते. रंगांधळेपणा कित्येकांना तोवर ठाऊकच नसतो. आणि छत्तीसगडमध्ये सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, इतकं की रायपुरात त्यासाठी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. घरात कुणाला तो असेल तर मुलाची रक्ततपासणी करून, रिपोर्ट विमानवैद्यकाच्या डॉक्टरला दाखवून, त्याचं मत घेऊनच पुढचं पाऊल टाकावं. धानाची जमीन विकून फी भरल्यावर ही गोष्ट कळण्यासारखं दुःख नाही. दिल्ली-मुंबईच्या माहितीपत्रकात हा मुद्दा सापडायचा नाही, कारण तिथल्या लोकांना तो सुचतच नाही. आपल्या भागातल्या मुलांसाठी वाट बांधायची तर आपल्या भागाचं रक्त, पाणी, भाषा ठाऊक असलेल्या माणसांनीच ती बांधायला हवी.

गरियाबंदकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. मुलानं शहरातल्या एका संस्थेत 'एव्हिएशन'चा वर्षभराचा कोर्स केला होता. गणवेश, टाय, विमानतळाची एक सहल, शेवटी जाड कागदावरचं प्रमाणपत्र. वडील म्हणाले, "सर, मुलगा शिकला, आता लायसन कधी मिळणार?" त्या प्रमाणपत्राचा लायसनशी काही संबंध नव्हता. मुलगा हुशार होता, बारावीला गणित होतं, आणि एक वर्ष व घरचे पैसे गेले होते. तेव्हापासून मी वर्गाच्या फळ्यावर एक ओळ कायमची लिहून ठेवली आहे: डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव आहे का? देखभालीचा कोर्स असेल तर डीजीसीएच्या सीएआर-147 या नियमाखालची मान्यता हवी, उड्डाणाचा असेल तर मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या यादीत नाव हवं. प्रवाशांच्या सेवेचे, तिकीट काउंटरचे, सामानाच्या हाताळणीचे कोर्स वाईट नसतात, त्यातूनही प्रामाणिक नोकऱ्या मिळतात. पण त्यांना इंजिनिअरिंग म्हणून विकू नये. तो मुलगा पुढं बी.एस्सी.ला गेला आणि आता एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या परीक्षेची तयारी करतो आहे.

ही दुसरी वाट आमच्या भागात फारच कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर मी जास्त वेळ घालवतो. फिजिक्स-गणित घेऊन बी.एस्सी. केलं, किंवा इंजिनिअरिंग केलं, की सत्तावीस वर्षांपर्यंत एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल या पदासाठी अर्ज करता येतो. लेखी परीक्षा, मग व्हॉइस टेस्ट, मानसिक चाचणी, मेडिकल. निवड झाली की ऑथॉरिटीच प्रशिक्षण देते आणि प्रशिक्षणाच्या काळातही पैसे मिळतात. शेतमजुराच्या मुलीला एक रुपया कर्ज न काढता टॉवरमध्ये बसता येईल अशी ही वाट आहे. विमानतळाच्या अग्निशमन दलाची भरतीही अशीच. दहावीनंतर मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा असला किंवा नियमित बारावी असली, जोडीला वाहन परवाना आणि दणकट शरीर असलं की दार उघडं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या मुलांमध्ये हा दणकटपणा अंगभूत असतो.

आणि विमानतळ वाढताहेत. रायपूरच्या माना विमानतळाच्या, म्हणजे आताच्या स्वामी विवेकानंद विमानतळाच्या, नव्या इमारतीचं उद्घाटन 2012 साली झालं. जगदलपूरहून 2020 मध्ये नियमित विमानं सुरू झाली, बिलासपूरहून 1 मार्च 2021 ला, आणि अंबिकापूरजवळच्या दरिमा विमानतळाचं उद्घाटन 20 ऑक्टोबर 2024 ला झालं. बस्तरच्या मुलाला आता विमानतळ बघायला रायपूर गाठावं लागत नाही. मात्र त्या विमानतळांवर कामाला येणारी तंत्रज्ञ मंडळी बाहेरून येतात. इमारत उभी करायला दोन वर्षं पुरतात. तिथं सही करू शकणारं स्थानिक माणूस तयार व्हायला बारावीनंतर सहा-सात वर्षं लागतात. ती वर्षं आजच मोजायला लागलो नाही तर 2032 मध्येही हीच तक्रार करू.

आता शिकायचं कुठं? रायपूरमधून मुलं बेंगळुरूची, दिल्लीची, चेन्नईची नावं घेतात. मी त्यांना रेल्वेचा नकाशा दाखवतो. हावडा-मुंबई मार्गावर रायपूरहून निघालं की दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, मग सालेकसा, आमगाव, गोंदिया; आणखी पुढं नागपूर. सकाळी निघालेला माणूस दुपारी नागपुरात असतो. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. आज राज्यं वेगळी आहेत, पण विमानविद्येच्या दृष्टीनं हा एकच पट्टा आहे, आणि या पट्ट्यात जे उभं राहिलं आहे ते पाहून मला अभिमान वाटतो.

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. प्रफुल्ल पटेल नागरी उड्डाणमंत्री असताना तिचा कायापालट झाला. तिथं उड्डाण प्रशिक्षण संस्था आली, जिच्या डायमंड डीए-40 विमानांचा घरघराट आमगावच्या शेतांवर दिवसभर ऐकू येतो. तिथंच एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची, हवाई वाहतूक नियंत्रक घडवणारी संस्थाही आहे. म्हणजे देशातल्या ज्या मोजक्या गावांत टॉवरवरची माणसं घडतात, त्यांतलं एक गाव आमच्यापासून रेल्वेनं तीन-एक तासांवर आहे. मी मुलांना घेऊन जातो, कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभं करतो आणि एक विद्यार्थी-वैमानिक पुन्हा पुन्हा टच-अँड-गो कसा करतो ते बघायला सांगतो. चाकं टेकतात, विमान न थांबता परत उचलतं, फेरी मारून परत येतं. अर्धा दिवस तेच. उड्डाण म्हणजे सराव आहे, एवढं समजलं तरी सहल कारणी लागली. मार्च 2023 मध्ये बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळलं आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघंही गेली. हेही मी मुलांना त्याच रस्त्यावर सांगतो. या कामाची किंमत लपवून कुणाला बोलावणं मला मान्य नाही.

नागपूरला मिहान प्रकल्पात मोठी विमानं देखभालीसाठी येतात. बोइंगच्या विमानखरेदीच्या करारातून तिथली हँगर्स उभी राहिली आणि 2015 पासून काम सुरू झालं. शेजारीच दासो-रिलायन्सचा कारखाना फाल्कन 2000 या विमानाचे भाग बनवतो. 2025 च्या जूनमध्ये हे अख्खं विमान तिथंच जोडण्याचा निर्णय जाहीर झाला. नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये दासोच्या मदतीनं विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा कोर्सही चालतो. आयटीआय म्हटलं की आमच्याकडचे पालक तोंड फिरवतात. त्यांना मी सांगतो की विमानाच्या पंखात रिव्हेट मारणाऱ्या हाताला जगभर काम आहे, आणि तो हात आयटीआयमध्येच घडतो. अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची मोठी उड्डाण प्रशिक्षण संस्था येते आहे. विदर्भ झपाट्यानं पुढं चालला आहे. रायपूरनं त्याच्याशी हात मिळवायला हवा, आणि त्यासाठी पहिली गरज अशी की छत्तीसगडच्या मुलाची शिष्यवृत्ती राज्याची हद्द ओलांडून गोंदिया-नागपूरच्या मान्यताप्राप्त संस्थेतही चालावी.

वर्गात मला सर्वात जास्त आनंद होतो तो लॉकवायरच्या दिवशी. इंजिनाजवळचे बोल्ट थरथरीनं ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यातल्या भोकांतून स्टीलची बारीक तार ओवून, पीळ देऊन, शेजारच्या बोल्टाला बांधतात. तार अशी घालायची की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला घट्ट करण्याच्या दिशेनंच ओढेल. ऐकायला सोपं आहे. करताना निम्मी मुलं उलट्या बाजूनं घालतात. तारेची टोकं कापून आत वळवायची, कारण बाहेर राहिलेलं टोक पुढच्या माणसाचा हात फाडतं. कापलेला तुकडा शोधून डब्यात टाकायचा. तो सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. एक पान्हा जागेवर नसेल तर हँगर थांबतं. शहरी मुलांना ही शिस्त जाचते. धमतरीकडची एक मुलगी, जिचे वडील ट्रॅक्टर आणि थ्रेशर दुरुस्त करतात, तिनं पहिल्याच दिवशी तार बरोबर घातली आणि तुकडा न सांगता उचलला. तिच्या बोटांना यंत्र ठाऊक होतं. त्याच दिवशी मी तिच्या वडिलांना फोन केला.

त्यांची शंका एवढीच होती की हँगरमध्ये मुलगी रात्रपाळी कशी करेल. मी त्यांना सौदामिनी देशमुखांची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकात इंडियन एअरलाइन्सच्या, फक्त स्त्रिया चालक असलेल्या विमानाच्या त्या कप्तान होत्या. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त आहे, हेही सांगितलं. हँगरमध्ये मुली अजून थोड्या आहेत, पण आता येताहेत. वडील दोन दिवस विचार करून हो म्हणाले. ती आता महाराष्ट्रातल्या एका मान्यताप्राप्त संस्थेत बी-वन-वन शिकते आहे. टर्बाइन इंजिनाच्या विमानांची ही शाखा; मूळ प्रशिक्षण 2400 तासांचं, आणि डीजीसीएच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये 75 टक्के लागतात. देखभालीच्या पद्धतींवरचं सातवं मॉड्यूल तिनं पहिल्या फेरीत काढलं. नियमांवरचं दहावं तिला जड जातं आहे.

जड जातं ते इंग्रजीमुळं. सगळी पुस्तकं, सगळ्या परीक्षा, सगळी टास्क कार्डं इंग्रजीत. हिंदी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला एका परिच्छेदाला अर्धा तास लागतो. म्हणून आम्ही वर्गात कामाच्या रोजच्या वापरातलं इंग्रजी वाचतो, कविता-निबंधाचं नाही: सूचना, इशारा, क्रम, अट. टॉवर आणि वैमानिकांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत आणि चौथी गाठली की काम करता येतं. त्यात उच्चार परदेशी असण्याची अट नाही. ऐकणाऱ्याला समजला पाहिजे एवढंच. रेडिओवर तर थ्रीला 'ट्री' आणि नाइनला 'नायनर' असंच म्हणायचं असतं, म्हणजे खरखरीतही गोंधळ होत नाही. हे ऐकलं की 'शहर'ला 'सहर' म्हणणाऱ्या मुलांचे चेहरे उजळतात. आपल्या जिभेची लाज धरून गप्प बसलेली कितीतरी मुलं त्यानंतर बोलायला लागली.

छत्तीसगडनं 2013 साली तरुणांना कौशल्य-प्रशिक्षणाचा कायदेशीर हक्क दिला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. शिलाई, वेल्डिंग, मोबाइल-दुरुस्ती याचे वर्ग त्यातून निघाले आणि त्यांनी घरं उभी केली. त्याच हक्काखाली रायपुरात विमान-देखभालीची एक पूर्ण मान्यतेची संस्था निघावी, अशी माझी मागणी आहे. तिला खरं हँगर हवं, उघडून जोडता येईल असं खरं विमान हवं, सही करून आलेले शिक्षक हवेत. माझ्यासारखे निवृत्त लोक या पट्ट्यात आहेत, आणि बोलावलं तर येतील. मी अर्ज दिले आहेत, अधिकाऱ्यांना भेटलो आहे, पुन्हा भेटणार आहे.

तोवर खालच्या पायरीचं काम थांबवायचं नाही. येत्या जूनमध्ये दहावी झालेल्या मुलांना विषय भरण्याआधी गाठायचं ठरवलं आहे. गरियाबंद जिल्ह्यातल्या एका शाळेत गणिताला मुलं तयार आहेत, फिजिक्सला शिक्षक नाही. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त प्राध्यापिका आठवड्यातून दोन दिवस बसनं तिथं जायला तयार झाल्या आहेत. बसभाडं आम्ही तिघं मित्र वाटून घेणार आहोत, आणि मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेची किल्ली द्यायचं कबूल केलं आहे.